आयकनारा जेवनात का?

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी गेलो तोही बी.एस्सी.ला. आजवर जे थोडंफार लिहिलं ते रेडिओवर दुसऱ्यानं वाचावं म्हणून लिहिलं. मोठ्यानं वाचलं की ते हवेत गेलं, संपलं. आता हे कुणी शांतपणे, डोळ्यांनी, हवं तर दोनदा वाचणार म्हटल्यावर मला आधीच घाम फुटलाय.

दुसरी माफी अशी की ही आठवण मी चांगल्या मनानं लिहीत नाही. चांगल्या मनानं लिहून पाहिलं होतं. त्यात मी समजूतदार दिसत होतो, पण ते खोटं होतं. राग आहे तर रागानंच लिहावं, असं शेवटी ठरवलं.

आमच्या कॉलेजचा रेडिओ जळगावात, वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत चालतो. एका खोलीत टेबल, संगणक आणि पाण्याचा माठ. दुसरीत मायक. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्यात. आमचा आवाज शहरभर आणि फार तर लगतच्या चार गावांपर्यंत जातो. स्वतःच्या बातम्या द्यायला आम्हाला परवानगी नाही, म्हणून आम्ही ‘चालू घडामोडी’ देतो. ऐकणारे बहुतेक स्पर्धा परीक्षेची पोरं. राजकारण येतं, पण आयोगाची रचना, कलमं, मतदानाचं आवाहन, एवढंच. गावातलं राजकारण दारातूनच परत पाठवतात. हवामानाला मात्र कुणी अडवत नाही. ऊन, गारपीट, केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ, यावर कितीही बोला. ते कुणाच्याच पक्षाचं नाही, असं आमचे सर म्हणायचे. सर म्हणजे रेडिओची जबाबदारी असलेले प्राध्यापक.

मी तिथं लागलो तो ‘कमवा आणि शिका’ योजनेतून. झाडू मारायचा, माठ भरायचा, रेकॉर्डिंगना नावं देऊन ठेवायची. मग एकदा चालू घडामोडी लिहिणारी मुलगी परीक्षेमुळे आली नाही आणि सरांनी मला विचारलं, “तुझं अक्षर बरं आहे. लिहितोस का?” तेव्हापासून मी लिहायचो आणि भैया वाचायचा.

भैया हा रेडिओचा विद्यार्थी प्रमुख. आम्ही सगळे त्याला भैयाच म्हणायचो. जळगावचाच. त्याच्या घरात आजोबांपासून सगळे शिकलेले. त्याचा आवाज सांगून समजायचा नाही. तो ‘नमस्कार जळगावकर’ म्हणाला की रसवंतीवालासुद्धा चरक थांबवायचा. मी खोटं कशाला बोलू, मलाही तसा आवाज हवा होता. मी खोलीत एकटा असलो की त्याच्यासारखं बोलून पाहायचो.

भैयाची एक सवय होती. लिहिलेलं तो आधी वाचायचा नाही. कागद हातात घ्यायचा, लाल दिवा लागायचा आणि पहिल्यांदाच बघत असूनही तो असा वाचायचा, जणू ते त्याच्याच मनातलं आहे. “आधी वाचलं की ताजेपणा जातो यार,” असं म्हणायचा. त्याची ही सवय लक्षात ठेवा.

काही महिन्यांनी मलाही आठवड्याला अर्धा तास मिळाला. हवामान आणि लोकसंगीत, दोन्ही मिळून. पाऊसपाणी कसं बदललं ते सांगायचं आणि मग त्याच भागातलं एखादं गाणं लावायचं. रावेरच्या केळीवाल्यापासून अमळनेरच्या बँडवाल्यापर्यंत जो सापडेल त्याला मी आणत होतो. दिवाळीनंतरच्या एका भागासाठी मी माझ्या आईला बोलावलं.

आमचं गाव साक्रीकडे, डोंगराच्या पायथ्याला. आई साक्रीहून धुळ्याला आणि धुळ्याहून जळगावला अशा दोन बस बदलून आली. पिशवीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, ठेचा, आणि सरांसाठी वेगळ्या बांधलेल्या शेंगा. मी तिला गोधड्यांच्या खोलीत बसवलं, मायक तिच्या तोंडाशी आणला आणि काचेपलीकडे टेबलाशी जाऊन बसलो. आवाजाची पातळी बघायला रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणालो, “बोल माय, काहीही बोल.”

ती मायककडे बघत राहिली. मग म्हणाली, “यामा कोन बसेल शे रे?”

“कुणी नाही बसलेलं. इथून आवाज लोकांपर्यंत जातो.”

“किती लोके?”

“पुष्कळ.”

ती जरा घाबरली. पदर सारखा केला. आणि मायकच्या जवळ तोंड नेऊन, एखाद्याच्या ओट्यावर जाऊन विचारावं तसं विचारलं, “आयकनारा जेवनात का?”

ऐकणारे जेवले का. आमच्याकडे कुणाच्या दारात गेलं की आधी हेच विचारतात, मग बाकीचं बोलणं. मी काचेतून हसून म्हणालो, “जेवले, माय. दुपारचा कार्यक्रम आहे.”

“बठ्ठा?”

“हो, सगळे.”

“नक्की ना? नहीत लोके उपाशी, आनि मी आपली बोली ऱ्हायनी.”

मग ती बोलली. आमच्या गावचा नाला पूर्वी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत वाहायचा, आता होळीलाच पाणी सरतं. मोहाची फुलं कधी गळतील याचा भरवसा उरला नाही. आखाजीचा झोका ज्या आंब्याला बांधायचे तो वाळला. हे सगळं तिनं न थांबता सांगितलं आणि शेवटी झोक्यावरचं एक गाणं म्हटलं. तिचा आवाज उन्हानं थोडा फाटलेला आहे. मला तो भैयाच्या आवाजापेक्षा चांगला वाटला, आणि असं वाटण्याची ती पहिलीच वेळ होती. कार्यक्रम दुपारी लागला. ऐकला असेल कुणी, नसेल कुणी. दोन फोन आले.

कॉलेजचं स्नेहसंमेलन संक्रांतीच्या आसपास असतं. त्यात रेडिओची म्हणून एक दहा मिनिटांची गंमत असते, वर्षभरात कोण कुठे अडखळलं ते सगळ्यांना ऐकवायचं. ती गंमत भैयानं तयार केली होती. मी रंगमंचाच्या बाजूला वायरी धरून उभा होतो. आधी सरांची शिंक आली, मग कुणीतरी ‘जिल्हाधिकारी’ म्हणताना केलेला गोंधळ आला. हॉल हसत होता, मीही हसलो. आणि मग स्पीकरमधून माझ्या आईचा आवाज आला.

“यामा कोन बसेल शे रे?” मागून म्हशीचं ओरडणं जोडलेलं. “आयकनारा जेवनात का?” त्यावर भांडी पडल्याचा आवाज. पुन्हा, “जेवनात का? जेवनात का? बठ्ठा?” ढोलकीवर, ठेका धरून, वेग वाढवत वाढवत. मी दिलेली उत्तरं काढून टाकली होती. त्यामुळे ती मोकळ्या खोलीत एकटीच, वेड्यासारखी विचारत राहिल्यासारखी वाटत होती.

हॉल नुसता कोसळला. पुढच्या रांगेतल्या मॅडम डोळे पुसत होत्या. वायर माझ्या हातातून सुटली असती तर आवाज बंद पडला असता. पण ती सुटली नाही. हात घट्ट झाले होते.

नंतर मी भैयाला गाठलं. तो रंगमंचामागे कुल्फी खात होता.

“ती माझी आई आहे,” मी म्हणालो.

“माहितीये की. अरे, काय क्यूट आहेत त्या! सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना पडल्या.”

“त्या टाळ्या नव्हत्या.”

“टेन्शन नको घेऊ यार. प्रेमानं केलंय. आपली माती आहे ती. लोकांच्या ग्रुपवर गेलं पण, बघ.” त्यानं फोन दाखवला. “तुझ्या आईला फेमस केलं मी. पार्टी द्यायचं सोडून तोंड काय पाडतोस?”

मी म्हणालो, “ज्या मायकासमोर ती बसली, त्याच मायकासमोर तू माफी माग. रेडिओवर.”

तो खरंच बुचकळ्यात पडला. “कसली माफी?” त्याला कळतच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मुद्दाम केलं असतं तर एक वेळ सोसलं असतं.

सरांकडे गेलो. ते म्हणाले, “मनावर घेऊ नकोस. विनोद आहे. तुला पुढं जायचंय, असल्या गोष्टीत अडकू नकोस.” मी बरं म्हणालो. बरं म्हणायची मला सवय आहे.

त्यानंतर कँटीनमध्ये मी दिसलो की कुणीतरी म्हणायचं, “जेवनात का?” मेसवाला ताट वाढताना म्हणायचा. ज्यांना ती माझी आई आहे हे माहीत नव्हतं तेही एकमेकांना म्हणायचे. मला एकच भीती होती. ते गावात पोचू नये. आमच्या गावात रेडिओ पोचत नाही, पण फोन पोचतात. दर रविवारी मी आईला फोन करायचो आणि तिच्या आवाजात काही वेगळं लागतंय का ते ऐकायचो. ती नेहमीसारखीच विचारायची, “मनं बोलेल लोकेसनी आयकं का?” मी सांगायचो, हो, खूप लोकांनी ऐकलं. ते खरंच होतं.

आणि मी बदल्याच्या विचारात पडलो. मी भित्रा आहे, मारामारी जमायची नाही. पण भैयाच्या तोंडून जे बाहेर पडायचं ते माझ्या हातानं लिहिलेलं होतं. मी काहीही लिहिलं असतं तरी त्यानं त्या गोड आवाजात वाचलं असतं. राज्यपाल चुकवायचा, राजधानी चुकवायची. सगळं शहर हसलं असतं. मी एकदा तसं लिहिलंही, आणि फाडून टाकलं. ऐकणारी पोरं परीक्षा देणारी होती. अभ्यासिकेत जागा मिळावी म्हणून पहाटे रांग लावणारी, माझ्याच घरासारख्या घरांतली. त्यांचा एक गुण गेला असता. मला फक्त एकाला दुखवायचं होतं.

मार्ग मला बारमध्ये सापडला. बार म्हणजे दारूचा नव्हे. आमच्याकडे आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, आणि दुपार कलली की आमच्या गावच्या बायका नाल्याच्या एका काठावर आणि शेजारच्या गावच्या दुसऱ्या काठावर उभ्या राहतात. मग गाण्यातून एकमेकींना शिव्या. पूर्वी दगडही चालायचे म्हणतात, आता नुसती गाणी. पण ती गाणी अशी की ऐकणाऱ्या पुरुषांनी मान खाली घालून निघून जावं. त्याला नियम आहेत. ज्याच्यावर बार आला त्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं. चिडला तर हरला, गप्प बसला तरी हरला. हरला त्यानं हात जोडून म्हणायचं, “हारनू, माय.” मग विषय संपला. पण हारनू म्हटलं नाही तर ते गाणं त्या माणसाच्या मागं वर्षभर, पुढच्या आखाजीपर्यंत, शेतात, बाजारात, लग्नात. त्याला कुणी अडवत नाही.

मी सरांना म्हणालो, आखाजी विशेष करू. थेट प्रक्षेपण. फोनवर माझ्या गावच्या बायका, इकडे आपण. नाला आटला, आंबा वाळला, पण गाणी राहिली. हवामान पण आलं, लोकसंगीत पण आलं. सरांना आवडलं. भैयाला तर फारच आवडलं. “मीच करतो,” म्हणाला. “तुला थेट झेपणार नाही. तू लिही फक्त.”

“लिहितो,” मी म्हणालो.

त्यात मी एक शब्द खोटा लिहिला नाही, हे मला इथं सांगायचंय. बार काय असतो, नियम काय, हरणारा काय म्हणतो, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं. कागद त्याच्या हातात मी आदल्या दिवशीच दिले. “वाचून ठेव,” असंही म्हणालो. त्यानं ते गाडीच्या डिकीत टाकले.

राहिला प्रश्न गावाचा. आईला सांगायचं तर ती क्लिप सांगावी लागली असती. म्हणून मी काकूला फोन केला. काकू म्हणजे माझी चुलती. तिची जीभ अशी की शेजारच्या गावच्या बायका ती आजारी आहे का याची आधी चौकशी करून मग काठावर येतात.

“काकू, रेडिओवर एक जण आहे. त्याला बार द्यायचा.”

“कोन शे तो? काय करं त्यानी?”

“काही नाही. फार गोड बोलतो. स्वतःला मोठा समजतो.”

“एवढंच?”

“दुसऱ्यानं लिहिलेलं वाचतो, आणि आपलंच म्हणून सांगतो.”

“येऊ दे मंग आखाजी,” काकू म्हणाली. आईला सांगू नको, असं मी दोनदा बजावलं. “नही सांगस रे भाऊ,” म्हणाली.

आखाजीच्या दिवशी जळगाव तापलं होतं. गोधड्यांच्या खोलीत लाल दिवा लागला की कूलर बंद करावा लागतो, नाहीतर त्याचीच घरघर लोकांना ऐकू जाते. भैया नवा कुर्ता घालून आला होता. मी काचेपलीकडे टेबलाशी. गावचा फोन लागला, मागं बायकांचा कालवा ऐकू आला, मी हात वर केला, दिवा लागला.

“नमस्कार जळगावकर!” आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. सुंदर वाचलं. नाला, आंबा, झोका. मग दोन काठांवरच्या बायका. मग नियम. “...ज्याच्यावर बार येतो त्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं असतं. चिडला तर हरला. गप्प बसला तर हरला. आणि हरणाऱ्यानं हात जोडून म्हणायचं, हारनू, माय.” सगळ्या शहराला त्यानं हे त्या आवाजात समजावून सांगितलं. पुढची ओळ अशी होती : आजच्या बारमध्ये एका काठावर गाव आहे, आणि दुसऱ्या काठावर मी.

“आजच्या बारमध्ये एका काठावर गाव आहे, आणि दुसऱ्या काठावर...” इथं तो थांबला. काचेतून माझ्याकडे बघितलं. मग वाचलं, “मी.”

काकूनं वाट बघितलीच नाही.

“रेडिओना पोऱ्या गोड गोड बोलस,
दुसराना कागद डोयाम्होरे धरस!
माले वाटना पोपट, निंघना कावया,
कागद उडना, आनि मुका व्हयना बावया!”

म्हणजे पोपट वाटला तो कावळा निघाला, कागद उडाला आणि बावळा मुका झाला. मागून साऱ्या बायकांनी शेवटची ओळ उचलली. टाळ्या, बांगड्या, हसणं. भैया हसला. पहिल्यांदा तो चांगला हसला. “वा, वा! काय गोडवा आहे आपल्या...” म्हणाला.

“वा वा नको करू, भाऊ,” काकू म्हणाली. “गाणं म्हन.”

त्यानं कागदाकडे बघितलं. कागद संपला होता. मी पुढं काही लिहिलंच नव्हतं. पुढचं त्याचं होतं.

“मी... म्हणजे मला गाणं...” तो म्हणाला.

आणि तेवढ्यात फोनमध्ये बायकांचा गलका एकदम खाली आला आणि दुसरा आवाज आला. उन्हानं थोडा फाटलेला. सावकाश, झोक्याच्या चालीवर.

“आयकनारा जेवनात, गाव बठ्ठं जेवनं,
येकच ऱ्हायना उपाशी, त्याले कोन्ही नही पुसनं.
ये रे भाऊ, बैठ रे भाऊ, ताट वाढेल शे,
तू हासना म्हनीसन आज मीठ जास्त शे!”

आई होती ती. तिला माहीत होतं. कधीपासून, कुणाकडून, काही कळलं नाही, पण तिला सगळं माहीत होतं. तू हसलास म्हणून आज मीठ जास्त आहे : तो प्रश्न, ते हसणं, तिनं सगळं त्यात घेतलं होतं. बायका ‘मीठ जास्त शे, मीठ जास्त शे’ म्हणत राहिल्या, ठेका धरून, वेग वाढवत वाढवत.

भैया पांढरा पडला. कूलर बंद होता, घाम कुर्त्यावर उतरला होता. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. रस्त्यावर माणूस गप्प बसला तर तो विचार करतोय असं वाटतं. रेडिओवर गप्प बसला की तो मेला असं वाटतं. तो ओठ हलवत होता आणि काही येत नव्हतं. बोटानं मला खूण करत होता, गाणं लाव, गाणं लाव. माझा हात बटनाजवळ होता. मी त्याच्याकडे बघत बसलो. त्याला एवढं म्हणता आलं असतं, हारनू, माय. दोन शब्द, कागदावर लिहिलेले, त्यानं नुकतेच स्वतः वाचलेले.

सर धावत आले आणि त्यांनीच बटन दाबलं.

मला बरं वाटलं. खरं सांगतो, खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये भैया भजी घ्यायला उभा होता आणि मागून कुणीतरी म्हणालं, “मीठ जास्त शे का रे?” सगळी रांग हसली. त्या दिवशी मी दोन प्लेट भजी खाल्ली. आईला फोन केला. दोघांपैकी कुणीच त्या विषयावर बोललं नाही. तिनं विचारलं, जेवलास का. मी म्हणालो, भजी खाल्ली.

सरांनी माझा कार्यक्रम बंद केला. “सध्या विश्रांती देऊ,” म्हणाले. “लोकांचे फोन खूप आले, तो प्रश्न नाही. पण प्रमुखाचा असा अपमान थेट प्रक्षेपणात...” मी विचारलं, “आणि माझ्या आईचा?” ते म्हणाले, “ती गंमत होती.” मी म्हणालो, “ही पण सणाची गंमतच होती, सर.” असं उत्तर मी पहिल्यांदाच दिलं. मायक गेला. म्हणून तर हे कागदावर लिहितोय.

भैया माझ्याशी बोलला नाही. त्यानं माफी मागितली नाही, हारनूही म्हटलं नाही. मी वाट बघत होतो. मला ते त्याच मायकासमोर हवं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्याच आवाजात. नाही तर पुढच्या आखाजीपर्यंत गाणं त्याच्या मागं राहील, ते मी राहू देईन, असं मी ठरवून ठेवलं होतं. तो समोरून आला की मी मनात ठेका धरायचो.

परीक्षा संपल्यावर गावाकडे निघालो. साक्रीचा आठवडे बाजार होता. बस उतरलो तर काकू मिरच्यांच्या ढिगाशी घासाघीस करताना दिसली. मला बघून तिनं मिरच्या सोडल्या.

“काय रे, बारवाला!”

“काकू, आईला कुणी सांगितलं?”

“काय?”

“ती क्लिप. तिला आधीपासून माहीत होतं ना?”

काकू हसायला लागली. “आरे, संक्रांतलेच उनी ती आम्हना गावमा. तुना फोनन्या आगोदर गाणं तयार व्हतं. तुन्ही मायनीच करं. आम्ही आखाजीनीच वाट देखत व्हतूत.”

“संक्रांतीलाच आली, गाणंही आईनं आधीच केलं, मग मला का नाही सांगितलं?”

“ती म्हने, आंडोरले सांगू नका, तो आठे पयी ई. शिकनं सोडी दी.” म्हणजे पोराला सांगू नका, तो शिक्षण सोडून इकडे पळून येईल. “आनि तुना फोन उना तवय ती मना जोडेच बसेल व्हती. म्हने, करू दे त्याले.”

मी फोन केला तेव्हा आई काकूच्या शेजारीच बसलेली होती. मी पिशवी खाली ठेवली. माझा सूड होता तो. मी कितीतरी दिवस रचलेला.

“तरी त्यानं हारनू म्हटलं नाही, काकू. वर्षभर गाणं त्याच्या मागं ठेवायचं.”

काकू माझ्याकडे बघतच राहिली. “तुले ठाऊक नही?”

“काय?”

“त्यानी फोन करा व्हता ना. आखाजी व्हयनी, दुसरा आठवडाले. तुन्ही मायले. म्हने, चुकी व्हयनी, हारनू माय.”

भैयानं आमच्या गावचा तो नंबर शोधून माझ्या आईला फोन केला होता. “आई काय म्हणाली?”

“ती म्हने, आसं नही चालस. बारनं उत्तर गाणामा. गाणामा म्हन.”

“मग?”

“म्हटं त्यानी.” काकूनं पदर तोंडाला लावला. “बठ्ठ्या बाया गोया करात, फोन मोठा करा. आरे काय ते गाणं! आवाज शे रे त्याना, पन गाणं नही त्यानामा. आम्ही हासी हासी मरनूत. तोबी हासना शेवटले. मंग तुन्ही मायनी पुसं, जेवना का.”

“सगळ्या बायकांसमोर, फोनचा आवाज मोठा करून? कुणी रेकॉर्ड केलं?” मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण मिरचीवाली बघायला लागली.

“कसाले?”

“काकू, कुणीच नाही केलं? एवढ्या बायका होत्या. फोन होते.”

“बारनं शे ते. काठवरनं काठवर ऱ्हास.” काठावरचं काठावरच राहतं.

“काय म्हटलं त्यानं गाण्यात? दोन ओळी तरी सांग.”

काकू मिरच्यांकडे वळली, एक मोडून वास घेतला आणि ढिगात परत टाकली.

“तुन्हा त्यामा काय संबंध?” म्हणाली. “घर जाय. मायनी सैपाक करेल व्हई.”